उगवतीकडे पाय

बिजलीबाईची कबर खणायला मी सकाळी दहाला गेलो. पहाटे ती धुळ्याच्या दवाखान्यात वारली होती. ॲम्ब्युलन्स चारला गावात पोचणार होती, आणि मे महिन्यात आमच्या सातपुड्याच्या पायथ्याला मयत ठेवून भागत नाही. गावात ख्रिस्ती घरं पंधरा, आणि खणणारा मी एकटा, तेरसिंग. बाकीचे सगळे गाणी म्हणायला पुढे, पहार धरायला मागे.

आमच्यात पाय उगवतीकडे करून पुरतात. प्रभू तिकडून येणार, मेलेले उठून उभे राहतील तेव्हा तोंड त्याच्याकडे असावं, म्हणून. बावीस वर्षांत मी एवढ्या कबरी खणल्या, एकीची दिशा चुकली नाही. चुकली ती माझ्याच पोराची.

चार वर्षांपूर्वी बादलला साप चावला. नऊ वर्षांचा होता. भर पावसात मीच खणलं. डोकं ठिकाणावर नव्हतं आणि हात आमच्या आज्याच्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या जुन्या रीतीने चालले, दक्षिणोत्तर. दुसऱ्या दिवशी उघडीप झाल्यावर दिसलं. सगळ्या कबरी शेजारी शेजारी सरळ, माझ्या लेकराची तेवढी आडवी. पाळक म्हणाले, देव दिशा बघत नाही. बोलायला त्यांचं काय जातं हो? मला एकच दिसायचं. सगळे उठून निघालेत आणि माझं पोर भलत्याच बाजूला तोंड करून उभं आहे, त्याला कोणी सांगितलंच नाही. तेव्हापासून मी चर्चची पायरी चढलो नाही. बिजलीबाई मात्र दर रविवारी दारात येऊन, चर्चला येत नाही म्हणून मला शिव्या घालून जायची.

ओळीत जागा उरली होती ती बादलच्या पलीकडे. तिथेच सुरुवात केली. कमरेइतका खोल गेलो तेव्हा बारा वाजून गेले असतील. वारा पडला. कावळाही ओरडेना. आणि मला ओल्या मातीचा वास आला. जिथे पहार मारली की ठिणगी उडत होती, तिथे! वास येत होता बादलच्या बाजूने. मग आवाज... पोर झोपेत खाटेवर कूस बदलतं ना, तसा. थांबला. परत झाला. हातातली पहार गळाली.

वर पाहिलं तर बिजलीबाई खड्ड्याच्या काठावर बसलेली. अंगात दवाखान्याचा हिरवा गाऊन, पाय उघडे. बादलच्या मातीवर हात फिरवत होती, पोराला थोपटावं तसा.

"अक्का..." कसंबसं म्हणालो, "तू तर..."

"खंद तू. मन्हाकडे काय देखस?"

आवाज तोच, रविवारचा. चार वर्षं जे कोणाला विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"तो मागे राहील का गं, अक्का?"

"येडा शे तू. तुना पोऱ्या कवाच फिरी गया. तेले हाक मारनारा तेना वळखीना मानूस शे."

घाम डोळ्यांत गेला, तो पुसला. काठावर कोणी नव्हतं. धडपडत वर चढलो. बादलची कबर सरळ होती, पाय उगवतीकडे. कडेचे दगड मी माझ्या हाताने आडवे रचले होते, ते सरळ लागलेले, आणि त्यांच्या फटीत गेल्या सालचं वाळलेलं गवत जसंच्या तसं. नंतर चौघांना विचारलं, ते म्हणाले, ती पहिल्यापासून अशीच आहे, तेरसिंगभाऊ.

मी तिथेच मातीत बसून रडलो. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी बिजलीबाईला कबरीत उतरवलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने मीच गायलो, सूर गेला चुलीत. रविवारी चर्चला गेलो. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

आता बादल सरळ झाल्यामुळे त्याच्या आणि बिजलीबाईच्या मध्ये जागा सुटली आहे. एका मोठ्या माणसाची. मी बायकोला सांगून ठेवलंय, ती माझी. परवा बघायला गेलो तर तिथे वीतभर खणलेलं होतं, दिशा अगदी बरोबर धरून. मी हात लावलेला नाही. मला भीतीही वाटत नाही, माझं पोर शेजारीच आहे. काल दोन वीत झालं होतं.