छातीवर डाग असलेली बाहुली

हिरामण भोईर जिन्यात मध्येच थांबला, कठड्याला धरून उभा राहिला आणि मग वर आला. त्याचा शर्ट घामाने चिंब झाला होता. हातात रुमालात गुंडाळलेली मातीची बाहुली होती.

"मॅडम, माझा खून होनार हाय," तो म्हणाला.

चंद्रावती म्हात्रे या पेणमधल्या एकमेव खासगी गुप्तहेर. त्यांचं ऑफिस पापडाच्या दुकानावर होतं.

"कोण करणार?"

"ते ठाऊक असतं तर पोलिसांकडं गेलो असतो."

मोरूने मान डोलावली. मोरू हा चंद्रावतीबाईंचा मावसभाऊ आणि मदतनीस. त्याला सगळंच पटायचं.

हिरामण रोह्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलचा मॅनेजर होता. रोह्यातच एका विश्रामगृहाच्या हॉलमध्ये त्याच्यासारख्या मॅनेजरांचं प्रशिक्षण चाललं होतं. विषय आरोग्याचं अर्थशास्त्र. उपचाराचा दर कसा ठरतो, विमा कोण घेतो, कोण घेत नाही. शिकवायला पुण्याचे प्राध्यापक कमळाकर उपासनी.

"पैल्या दिवशी सर म्हणले, बाजार शिकायचा तर आधी गिऱ्हाईक व्हा. तपासणीची गाडीच बोलावली. रक्त, सोनोग्राफी, छातीची ईसीजीची पट्टी, सगळं झालं. मग प्रत्येकाला एक पांढरी बाहुली दिली. हा तुमचा रोगी, म्हणले, बाकावर ठेवा."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या काशीबाईंच्या बाहुलीचे पाय लाल! आम्ही हसलो. दुपारी काशीबाई चक्कर येऊन पडल्या. शुगर भयंकर वाढलेली, पायाची जखम चिघळलेली. शुगर हाय हेच त्यांना ठाऊक नव्हतं." हिरामणने कपाळावरचा घाम पुसला. "मग नाथाच्या बाहुलीची कंबर लाल. नाथा त्याच दिवशी जमिनीवर गडबडा लोळला. मुतखडा. आणि आज सकाळी माझी."

त्याने रुमाल उघडला. बाहुलीच्या छातीवर, डाव्या बाजूला, लाल डाग होता.

"सर काय म्हणाले?"

"डाग दिसला की सर त्या माणसाला विचारतात, आता खेळातला, खोट्या पैशांचा विमा घ्याल का, केवढा घ्याल? मी म्हटलं, सर, असंल तेवढा सगळा द्या."

"जेवलात काही?"

"दाढ दुखतेय. दाताचा डॉक्टर म्हणला, दाढ चांगली हाय. मला वाटतं तोपन त्यांना सामील हाय."

चंद्रावतीबाईंनी डागावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला.

बाहुल्या पेणजवळच्या जोहे गावात, मूर्तिकार विठूकडे घडवलेल्या होत्या, म्हणून आधी जोहे. विठूच्या कारखान्यात शेकडो गणपती रांगेत उभे होते. त्यांचे डोळे अजून आखलेले नव्हते, त्यामुळे हिरामणकडे एकानेही पाहिलं नाही. तरी तो घाबरून रिक्षातच बसून राहिला.

"सगळ्या पांढऱ्याच दिल्या," विठू म्हणाला. "तुमच्या प्राध्यापकाला रंग नकोच होता. आणि बाई, आमचा रंग असा बोटाला लागला तर गिऱ्हाईक गणपती माझ्या डोक्यात घालंल."

नागोठण्यावरून रोह्याला जाताना मोरूने तर्क मांडला. "ताई, विष! आधी डाग काढायचा, मग चहातून विष द्यायचं."

"चहा नाय, मी चहा घेतलाच नाय!" हिरामण मागून ओरडला आणि डावा खांदा चोळू लागला.

विश्रामगृहाची राखणदार पुतळी दारातच रडायला लागली.

"हॉलची चावी माझ्याकडं आनि सरांकडं. म्हनून सगळी मला चेटकीण म्हनतात. बाई, करणी यायची तर मी इथं झाडू मारला असता का?"

"सोड गो त्यांचं. तपासणीची गाडी परत आली होती?"

"त्याच संध्याकाळी. मोठं पाकीट देऊन गेली. मी हात पुढं केला तर सरांनी वरच्या वर घेतलं."

प्राध्यापक उपासनी पांढऱ्या फळ्यासमोर उभे होते. फळ्यावर लाल शाईत लिहिलं होतं: 'ज्याला आजार ठाऊक, तोच विम्याला धावतो. सिद्ध करा.' बाकांवर मॅनेजर बसले होते, आणि प्रत्येक जण आपल्या बाहुलीवर डोळे रोखून होता. मध्ये कोणी खोकलं की सगळे दचकत.

"फार दुर्दैवी योगायोग," प्राध्यापक म्हणाले.

"तपासणीचे अहवाल कुठे आहेत?"

"अजून आलेले नाहीत. समारोपाला देऊ."

चंद्रावतीबाईंनी हिरामणला पुढच्या बाकावर बसवलं. "हलू नका. मोरू, अँब्युलन्स बोलाव."

"ताई, अजून कोणाला काही झालं नाही."

"म्हणूनच."

मोरूला पटलं. तो फोन करायला बाहेर गेला.

"चक्कर आणायला औषध देता येतं," चंद्रावतीबाई सगळ्यांना म्हणाल्या. "पण मुतखडा कोणी कोणाला चहातून देऊ शकत नाही. तो महिनोन्‌महिने पोटात वाढतो. डाग काढला तेव्हा नाथाचा खडा होताच. काशीबाईंची शुगरही होतीच. म्हणजे डाग काढणाऱ्याने आजार दिला नाही. त्याला तो आधीच ठाऊक होता. खुद्द आजाऱ्यांना ठाऊक नव्हता, तरी."

बाकांवरचे मॅनेजर आपापल्या बाहुल्या मागे सरकवू लागले.

"नाथाच्या पोटात कोण डोकावलं होतं? फक्त सोनोग्राफीचं यंत्र. त्याचा अहवाल त्याच संध्याकाळी इथे आला. पुतळीने पाहिलं. सर म्हणतात, आलाच नाही. चावी दोघांकडे. पुतळीच्या हाती पाकीट पडलंच नाही. आणि हा रंग जोह्याचा नाही, बोटाने पुसला जातो." त्या फळ्याजवळ गेल्या आणि 'सिद्ध करा' अंगठ्याने पुसलं. "हा असा."

"पण सरांना आमच्याशी काय वैर?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"काही नाही. त्यांना फक्त पाहायचं होतं, आजाराची कुणकुण लागली की माणूस किती विमा मागतो."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. त्यांना आरोप खोटा वाटला नाही, अपुरा वाटला.

"मी नावं कुठेच उघड केली नव्हती," ते म्हणाले. "आणि सरळ सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता. माहिती सर्वांना सारखी मिळाली की बाजारात शिकण्यासारखं काही उरत नाही. समारोपाला मी सगळं देणारच होतो."

"म्हणजे मला कोन मारनार नाय?" हिरामण म्हणाला. कित्येक तासांनी पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "खरंच कोन नाय?"

"कोणी नाही," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "पण जिन्यात दम, हा घाम, खांदा, आणि चांगली असूनही दुखणारी दाढ. हिरामणभाऊ, तुमच्या बाहुलीवरचा डाग खरा आहे. सर, यांची छातीची पट्टी त्या पाकिटातून बाहेर काढा."

प्राध्यापकांनी बॅगेतून पाकीट काढलं. चंद्रावतीबाईंनी पट्टीचा फोटो पनवेलच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. लगेच फोन आला. डॉक्टर इतके मोठ्याने बोलले की सगळ्या हॉलला ऐकू गेलं. "हा माणूस चालतोय कसा? वेळेत आणा, वाचेल!"

हिरामणचं हसू गेलं. खुनी असता तर त्याच्यापासून पळता आलं असतं.

अँब्युलन्स आली. हिरामणला स्ट्रेचरवर घेतलं. सगळे मॅनेजर बाहेर येऊन भोवती उभे राहिले. चालकाने दार उघडं धरून विचारलं, "जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात नेऊ?"

तिथे पेण-रोह्यातल्या जवळपास प्रत्येक हॉस्पिटलचा माणूस हजर होता. एकानेही आपल्या हॉस्पिटलचं नाव घेतलं नाही. एक जण बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या पायात चप्पल होती.

"यांचं स्वतःचं हॉस्पिटल समोरच आहे की," मोरू म्हणाला. "चोवीस तास हृदयविकार तज्ज्ञ, असा बोर्ड आहे."

हिरामणने स्ट्रेचरवरून हात लांब करून चालकाची बाही घट्ट पकडली.

"तिथं नको रे बाबा," तो म्हणाला. "तो बोर्ड मीच लावलाय. पनवेलला घे."