मागच्या मोरीवरची थुंकी

दीड वर्षाच्या शर्वीचं तोंड धुवायला ऋजुताने तिला बेसिनवर वाकवलं आणि बेसिनची कड पिवळी झाली.

यंदा गावात घरोघरी ही लाळवाचक बेसिनं बसली होती. चूळ भरली की लाळेतल्या सुट्या पेशी आणि तंबाखूचे अंश तपासून कड रंग दाखवायची. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे तंबाखू सापडली. लाल म्हणजे पेशी बिघडू लागल्यात, डॉक्टर गाठा. एकदा नाव सांगितलं की पुढे लाळ कुणाची हेही बेसिनला कळायचं. कडेवर नाव उमटलं होतं : शर्वी.

यंत्र चुकलं असेल म्हणून ऋजुताने बेसिन घासून धुतलं, पोरीला पुन्हा वाकवलं. पुन्हा पिवळा. मग तिने शर्वीचा ओठ वर केला. फुटू पाहणाऱ्या दाताभोवती काळे कण चिकटले होते. जळक्या तंबाखूचा वास नाकात गेला. हा वास तिच्या ओळखीचा होता.

मागच्या दारी सासूबाई मोरीवर उकिडव्या बसून मिश्री लावत होत्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि रोज सकाळी दाताला चोळायची, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. बोट गालात फिरत होतं. काळपट लाळेची तार हनुवटीपर्यंत लोंबत होती.

"आत्या, शर्वीच्या तोंडात हे घातलंत?"

त्या आधी थुंकल्या. "हिरड्या शिवशिवत्यात पोरीच्या. जराशी लावली. तुझ्या नवऱ्यालाबी लावली हुती, मेला का त्यो?"

"ह्याच बोटाने?"

"मग काय चमच्यानं लावू?"

ऋजुताने तोंड फिरवलं. "यापुढे तिच्या तोंडात बोट घालायचं नाही. आणि एकदा बेसिनमध्ये थुंकून बघा, म्हणजे कळेल आपण काय चोळतोय ते."

"तूच म्हणालीस नव्हं, तुमची घाण इकडं नको म्हणून?"

म्हणाली होती. बेसिन बसलं त्याच दिवशी पांढऱ्याशुभ्र भांड्यावर काळे शिंतोडे उडालेले पाहून कड रंगायच्या आतच तिने पाणी ओतलं होतं आणि त्यांना मागे धाडलं होतं. स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ चूळ भरून हिरवा रंग बघत होती.

आत्या पदर खोचून आत आल्या, बेसिनपाशी जरा अडखळल्या आणि थुंकल्या.

कड लाल झाली. बेसिनमधून सौम्य आवाज आला, "ही लाळ पहिल्यांदाच तपासली जात आहे. कृपया नाव सांगा."

नाव न सांगताच ऋजुता आत्यांकडे वळली.

"आ करा," ऋजुता म्हणाली. तो वास पुन्हा अंगावर आला. डाव्या गालाच्या आत, काळ्या चिखलाखाली, दुधावरच्या सायीसारखा पांढरा जाड चट्टा होता.

"हे कधीपासून?"

"तिखट झोंबतंय दिवाळीपास्नं. मिश्री दाबली की बधिर हुतंय, म्हणून जास्त लावती."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तोंडाकडं बघतीस कुठं माझ्या?"

ऋजुताने शर्वीला कडेवर घेतलं आणि दवाखान्याची पिशवी शोधू लागली. "आत्ताच जाऊ. लवकर कळलं तर बरं होतं, आत्या." लवकर म्हणजे किती लवकर, ते तिला ठाऊक नव्हतं.

आत्या तिथेच उभ्या होत्या. तोंडात पुन्हा लाळ साठली होती. त्यांनी लाल कडेकडे पाहिलं, मग मागच्या दाराकडे.

"आता कुठं थुंकू गं?"