उभ्या गाडीच्या तीन बॅटऱ्या

तीन वर्षांत गाडीच्या तीन बॅटऱ्या निकामी झाल्या होत्या, आणि त्या तीन वर्षांत गाडी एक किलोमीटरही चालली नव्हती.

२०५७ सालच्या जानेवारीतला रविवार. गारगोटीतल्या हेमंत सोनटक्के यांच्या अंगणात त्यांची अकरा वर्षांची नात किन्नरी हे कोडे सोडवायला बसली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. तिच्याकडे चार तास होते. चार वाजता जुन्या गाड्या मोडीत काढणाऱ्यांचा ट्रक येणार होता.

गाडी पेट्रोलवर चालणारी, पस्तीस वर्षांची. किन्नरीची आजी, शुभांगी, जनावरांची डॉक्टर होती आणि याच गाडीने वाड्यावस्त्यांवर जायची. ती गेल्यापासून गाडी अंगणात उभी होती. गॅरेजवाल्याने फोनवरच निदान केले होते: अल्टरनेटर (इंजिनाच्या फिरण्यापासून वीज तयार करणारे यंत्र) गेला असणार, आणि या गाडीचा अल्टरनेटर आता कुठे मिळत नाही. आजोबांनी वाद घातला नाही. ते निवृत्त मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणारे) होते. त्यांच्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला यंत्रमानव, तराजू, आता घरकाम करत असे.

"न तपासता 'असणार' कसं म्हणायचं?" किन्नरीने विचारले.

"हे मी मंगळवारीच म्हणालो होतो," तराजू म्हणाला. "तेव्हा मला भांडी घासायला पाठवलं."

आदल्या दिवशी त्याने तिसरीच्या जागी आणलेली नवी बॅटरी घरच्या चार्जरवर पूर्ण भरून ठेवली होती आणि रात्रभर तिला काहीही जोडले नव्हते. आता त्याने किन्नरीला हातातले कडे काढायला लावले, वेणी घट्ट बांधायला लावली, आजोबांना हँडब्रेक ओढून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवायला सांगितला. मग तिच्या हाती मल्टिमीटर (विजेचे मोजमाप करणारे छोटे उपकरण) दिला. लाल टोक बॅटरीच्या अधिक खुणेवर, काळे उणे खुणेवर.

आकडा आला १२.६ व्होल्ट. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब मोजण्याचे एकक, तराजूने सांगितले. टाकीत पाणी जितके उंच, तितका नळाला जोर, तसे. इंजिन बंद असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि बाराच्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी.

पण भरलेली बॅटरी दमदार असतेच असे नाही. म्हणून दुसरी चाचणी ओझ्याखाली घ्यायची. आजोबांनी किल्ली फिरवली. स्टार्टर घरघरला, आकडा झर्रकन १०.३ वर उतरला आणि इंजिन सुरू झाले. ९.६ च्या खाली गेला असता तर बॅटरी कमजोर ठरली असती.

आता अल्टरनेटरची पाळी होती. आजोबा खाली उतरले आणि बॅटरीची एक तार सैल करायला पुढे आले. तरुणपणी गॅरेजात असेच पाहिले होते, त्यांनी सांगितले: चालू इंजिनात तार काढायची, इंजिन चालत राहिले तर अल्टरनेटर चांगला. तराजू मध्ये उभा राहिला. तार काढली की दाब एकदम उसळतो आणि गाडीतली नाजूक यंत्रणा जळू शकते, असे त्याने समजावले. शिवाय मीटर असताना त्याची गरजच नव्हती.

किन्नरीने पुन्हा टोके लावली. १४.२. अल्टरनेटर वीज तयार करून बॅटरीकडे पाठवत होता, म्हणूनच दाब बॅटरीच्या स्वतःच्या दाबापेक्षा जास्त होता. दिवे आणि पंखा लावल्यावर १३.७. तोही ठीक.

"अल्टरनेटर गेलेला नाही," ती म्हणाली. पण तिचा चेहरा खुलला नाही. बॅटरी चांगली, अल्टरनेटर चांगला. मग तीन बॅटऱ्या मेल्या कशाने?

तिने आजोबांना गाडी बंद करून रोज सकाळी करतात तसेच सगळे पुन्हा करायला सांगितले. तराजूने बॅटरीच्या तारेभोवती प्रवाह मोजणारा चिमटा अडकवला. आजोबांनी काच पुसली, दिवे लावले, पंखा लावला, इंजिन सुरू केले आणि दोन मिनिटांनी बंद केले. गाडी जिवंत राहावी म्हणून तीन वर्षांत हा नेम एकदाही चुकला नव्हता.

तराजूने हिशोब जमिनीवर खडूने लिहिला. एक अँपिअर (प्रवाहाचे एकक) एक सेकंद वाहिला तर एक घोट धरायचा. इंजिन सुरू करताना बॅटरीने सहाशे घोट दिले. इंजिन संथ चालत होते आणि दिवे-पंखा वीज खात होते, त्यामुळे दोन मिनिटांत परत मिळाले फक्त तीनशे. शिवाय उरलेला दिवसभर गाडीचे घड्याळ आणि चोरघंटा मिळून सुमारे अडीच हजार घोट पितात. अशी रोजची तूट दोन महिन्यांत बॅटरी रिकामी करते, मग आजोबा ती चार्जरवर भरत, आणि पुन्हा तेच. अशी वारंवार रिकामी झालेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो, आणि मग ती पुरेशी भरतच नाही.

किन्नरीने खडूचे आकडे दोनदा तपासले. मग ती आजोबांजवळ जाऊन बसली.

"आजोबा, रोज तुम्हीच तिला उपाशी ठेवत होतात."

"विधान बरोबर आहे," तराजू म्हणाला. "शब्द जरा कडक आहेत."

आजोबांनी खडूचे आकडे स्वतः वाचले. निदान अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवायला हवी होती, हे त्यांना मान्य होते. "पण किलोमीटरचा आकडा तुझ्या आजीने जिथे सोडला, तिथेच आहे गं," ते म्हणाले. "चालवली की तो पुढे जाणार."

 किन्नरी म्हणाली, "आजी असती तर तिनेच पुढे नेला असता."

ट्रकवाल्याला नको म्हणून कळवायला तराजूला सांगून आजोबांनी गाडीचे दार उघडले. किन्नरी शेजारी बसली. गाडी पाटगावच्या रस्त्याला लागली. किलोमीटरचा आकडा पुढे सरकला तेव्हा आजोबांनी पाहिले नाही. किन्नरीने नवा आकडा मोठ्याने वाचला. मग त्यांनी तिला विचारले, शाळेची बस विजेवर चालते ना, तिच्यातही दिव्यांसाठी अशी छोटी बॅटरी असते का? असते, ती म्हणाली. पण किती भरलेली असते, ते कोणी मोजलेले नाही.

"उद्या मीटर घेऊन जा," आजोबा म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.