वाजणारा अकीक

माझ्या लेकीने, भिंगरीने, तीन दिवसांत पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि घरात झोप उडाली होती ती फक्त माझी.

"गार दिवस आहेत, नसेल तहान," सासूबाई म्हणाल्या. नवरा म्हणाला, "तू आधी तो मोबाईल ठेव." डॉक्टरांनी तिची जीभ पाहिली, कातडी चिमटीत धरून पाहिली. "हिच्या अंगात पाणी भरपूर आहे. तुम्हीच थोडं प्या." मी मुकाट्याने प्यायले. आपलंच डोकं फिरलंय, ही शंका मलाही होतीच.

पण पाच वर्षांची भिंगरी, घरभर गरगरणारी, आता एका जागी बसून असायची. आणि तिच्या तोंडाला बंद विहिरीसारखा गार वास यायचा.

हे सुरू झालं शाळेची सहल संग्रहालयात गेली त्या दिवसापासून. म्हणून चौथ्या दिवशी मी तिला घेऊन तिथेच गेले. तळघरात दगडांचं दालन. रखवालदार एकेका कपाटाचा दिवा मालवत होता.

"बंद झालं, ताई."

"पाचच मिनिटं, दादा! मुलांना कुठला दगड दाखवला होतात?"

कुरकुरत त्याने मुठीएवढा करडा अकीक काढला. "याच्या पोटात पाणी आहे. माणूस जन्मायच्या आधीपासून कोंडलेलं. कानाशी हलवला की डुबुक वाजायचा."

"वाजायचा?"

"सहल आली त्या दिवसापासून… नाही वाजत. साहेब म्हणतात, तू पाडलास. अहो, मग भेग दाखवा ना! भेगच नाही." त्याने तो माझ्या कानाशी हलवला. काहीच नाही. मग त्याचं लक्ष भिंगरीकडे गेलं. "हीच ती. हिनेच चाटला होता. मी ओरडलो होतो."

"चाटलास?"

भिंगरीने मान हलवली. हो.

शेवटचा दिवा गेला. तिला कडेवर घेऊन मी जिना चढू लागले. केवढी जड झाली होती… अंधारात पायरी चुकली, आम्ही दोघी हिंदकळलो, आणि माझ्या कानाशी, तिच्या छातीतून…

डुबुक.

मग, कशी आई मी, खात्री करायला तिला पुन्हा हळूच हलवलं.

डुबुक.

"आई, हलवू नकोस ना," ती कुजबुजली. "आत्ताच झोपलाय तो."