टेकडीतला गॅस गेला कुठे?

लोक बागेत भेटतात, लग्नात भेटतात. आपल्या दीपमालेचं सगळंच उरफाटं! तिला प्रशील भेटला तो जळगावच्या बाहेर, कचऱ्याच्या टेकडीवर. कुजत्या कचऱ्यातून मिथेन किती निघतो याचा अंदाज काढायला कॉलेजनं तिला धाडलं होतं. ती पत्र्याची पेटी जमिनीवर उपडी घालून बसली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"मॅडम, अंडी उबवताय का?"

ती चपापून वळली. कचऱ्याच्या गाड्यांचं वजन करणारा पोरगा हसत उभा होता.

"गॅस मोजतेय. पेटीत किती वेळात किती साचतो ते."

"आणि... माणसाच्या मनात साचलेलं कळतं का हिला?"

"चावट!" ती म्हणाली खरी, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

जागा मात्र भयाण होती बाई. कडाक्याच्या थंडीत पायाखालची माती गरम. विस्तव नसताना भेगांतून धूर. आणि मधूनच आतून कण्हल्यासारखा आवाज... राखणदार भटूआबा म्हणायचे, "टेकडीमा जीव शे, बेटी." म्हणजे टेकडी जिवंत आहे म्हणे!

महिना होत आला. टेकडीवर मातीचा जाड थर घातला गेला, आणि पेटीतला आकडा रोज घसरू लागला. दीपमाला आकडे पुन्हा पुन्हा ताडून बघू लागली. आतलं कुजणं थांबलेलं नाही, मग गॅस जातोय कुठे?

"उद्या सकाळी माझ्या केबिनमध्ये चहा घ्या ना," प्रशील म्हणाला. "एकदाच."

सकाळी दाट धुकं होतं. टेकडीच्या पायथ्याशी ती छोटी केबिन. दीपमालेनं दार ढकललं, आणि गळ्यातलं गॅसचा धोका सांगणारं यंत्र किंचाळायला लागलं. टेकडीवर ते कधी असं ओरडलं नव्हतं! वरची वाट मातीच्या थरानं बंद झाल्यावर गॅस जमिनीखालून सरकत सरकत इथे आला होता, फरशीच्या फटींतून वर. खिडक्या गच्च बंद. आणि प्रशीलच्या एका हातात अगरबत्ती, दुसऱ्यात काडेपेटी...

"काडी ओढू नका!"

मनगट धरून तिनं त्याला फरफटत बाहेर काढलं. पार रस्त्यापर्यंत. तो पांढराफटक पडला होता.

"तुम्हाला घाण वास येऊ नये म्हणून... कालपासून खिडक्या लावून ठेवल्या होत्या," तो पुटपुटला.

"शहाणेच आहात! जीव गेला असता, कळतं का?" तिला रडू फुटलं. "वासाचं कौतुक मला सांगता? कॉलेजचं काम पंधरा दिवसांतच संपलं होतं. पुढे मी कशाला येत होते इथे... कुणासाठी?"

हात तिनं अजून सोडला नव्हता.

"मग उद्या... कुठे येऊ मी?" त्यानं हळूच विचारलं.

"बोदवडला, आमच्या घरी." तिनं डोळे पुसले. "आई रोज विचारते, पोरगी रविवारीही कचऱ्यात काय शोधते म्हणून."