भिवाजीने आणलेला नमुना

मी केमिस्ट होते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि यातला एक शब्दही मी पदरचा घातलेला नाही.

ऑगस्ट १९९६. डोंबिवली. कारखान्यांचं सांडपाणी साफ करून खाडीला सोडणारं आमचं केंद्र. नाव सांगत नाही.

आणि वेळ रात्रीची नाही... भर सकाळी अकराची.

भिवाजी आमच्याकडे नमुने काढायचा. खाडीकाठचा कोळी, पन्नाशीचा. दोरीला बाटली बांधून टाकीत सोडायचा आणि अकरा वाजता माझ्या टेबलावर आणून ठेवायचा.

"उत्तरा म्याडम, यो फेस मोडत नाय," महिनाभर सांगत होता. "खाडीत पन ह्योच. जाल्यात मासली नाय, फेस येतो."

मी सगळं तपासलं. सगळं मर्यादेत. पण बाटली चार दिवस कपाटात ठेवली तरी फेस तसाच. तो कशाचा, हे शोधायची तपासणीच आमच्याकडे नव्हती.

केंद्राचे प्रमुख, आमचे साहेब म्हणाले, "फॉर्ममध्ये रकाना आहे का? नाही ना? मग लिहायचं नाही."

एका सकाळी फेस टाकीबाहेर आला. कठडा दोन महिने तुटलेला. काठ कुठे संपतो ते भिवाजीला दिसलंच नाही.

दुपारी त्याचं प्रेत बाहेर काढलं.

संध्याकाळी साहेबांनी चौकशीसाठी माझ्या नावाचा जबाब टाइप करून आणला. भिवाजी दारू प्यायलेला होता म्हणे.

तो पीत नव्हता. आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी सही केली. कारणं देत नाही. केली.

चौथ्या दिवशी अकरा वाजता माझ्या टेबलावर भरलेली बाटली होती...

त्याच्या जागी अजून कोणालाच घेतलं नव्हतं.

"कोण आलेलं रे?" मी शिपायाला विचारलं.

"कोणीच नाय मॅडम. मी इथेच बसलेलो."

बाटली बाहेरून कोरडी. दोरीही कोरडी. आत काठोकाठ फेस.

दुसऱ्या दिवशी पुन्हा.

तिसऱ्या दिवशी अकराला मी टाकीजवळच जाऊन उभी राहिले.

अचानक पंपांचा आवाज गेला. पंप फिरत होते. मला दिसत होते. पण आवाज नाही...

मग... टण्.

टाकीच्या भिंतीवर काच आपटल्यासारखं.

फेसात एक खळगा पडला. मग दुसरा. पावलं... टाकीच्या मधून माझ्याकडे येणारी. तुटक्या कठड्यापाशी थांबली.

"म्याडम... परत तपासा."

मी पळाले. साहेबांना ओढत आणलं. खळगे तसेच होते.

"वारा असेल," ते म्हणाले आणि नळी लावायला सांगितली. पाणी फेसावरून घसरून गेलं. खळगे बुजले नाहीत.

"चला, चहा घेऊ," साहेब म्हणाले.

त्याच आठवड्यात भिवाजीची बायको आवडाबाई ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"माज्या मान्साला दारुडा कोनी लिवला?"

साहेब माझ्याकडे बघत होते.

"मी सही केली," मी म्हणाले. "खोटं होतं ते."

ती माझे हात बघत राहिली.

मग म्हणाली, "आता खरा लिवा."

लिहिलं. कठडा, फेस, सगळं. चौकशी अधिकाऱ्याला स्वतः नेऊन दिलं.

"बाई, फाइल बंद झाली," तो म्हणाला. कागद उघडलासुद्धा नाही.

मला वाटलं, आता तरी बाटली येणं थांबेल. थांबलं नाही. मी राजीनामा दिला त्या दिवशीही अकराला बाटली टेबलावर होती.

हल्ली पेपरात वाचते, काही रसायनं कधीच मोडत नाहीत. पाण्यात राहतात, माशांत राहतात, माणसांच्या रक्तात राहतात. पेपर चुरगाळून टाकते. भीतीने नाही, संतापाने. भिवाजी हेच सांगत होता!

साहेब त्याच केंद्रातून थाटात निवृत्त झाले. त्यांच्या टेबलावर कधी काही आलं नाही. मी विचारून घेतलंय.

जबाब त्यांनी टाइप केला. कठडा त्यांनी दुरुस्त केला नाही.

मग तो त्यांच्याकडे का नाही गेला?

माझ्याकडेच का...?