देवकीबाईंच्या डोळ्यांतले दोन ठिपके

समीक्षा, ती पेन्सिल जरा खाली ठेव. नकल काढतेस ती काढ गो, वाईट नाय. नकलेनंच हात बसतो. पण माझ्या दोस्ताचं, शेखरचं काय झालं ते आधी ऐक. प्रणय, दार लोटून घे.

काम साधं होतं. टोकावड्याच्या महिपत मास्तरांकडनं एक चित्र शहापूरला न्यायचं, वाळवी लागलेली चौकट बदलायची, परत आणून टांगायचं. शेखर शहापुरात पाट्या रंगवायचा आणि दर रविवारी मास्तरांकडं चित्रकला शिकायला जायचा. मोटारसायकल माझी, म्हणून मी बरोबर.

चित्र मास्तरांच्या बायकोचं, देवकीबाईंचं. ती वारली तेव्हा घरात तिचा एक फोटो नव्हता. मास्तरांनी आठवणीतनं काढली. हसू आलंय आणि तिनं ते दाबून धरलंय, अशी. मास्तर रोज रात्री तिच्यापुढं बसून जेवायचे, दिवसभराचं तिला सांगायचे.

शेखरनं तेच चित्र कागदावर चौकोन आखून वीसदा उतरवलं होतं. नाक बरोबर, कान बरोबर, पण बाई मुकी. मास्तर म्हणायचे, "डोळ्यातला पांढरा ठिपका सगळ्यात शेवटी. आनि नकलेत तो ठेवायचाच नाय. ज्याला आपण मनापासून बगितलंय, त्यालाच ठेवायचा."

शेखरला ठाण्याच्या प्रदर्शनात नाव काढायची घाई. मूळ चित्र त्यानं तिथं आपलं म्हणून मांडायला ठेवून घेतलं, नव्या चौकटीत आपली नकल बसवली, आणि डोळ्यांत दोन ठिपके ठेवून दिले. मास्तरांना मोतीबिंदू. कळणार कसं?

मास्तर भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. "देवकी रागावली काय रे? बोलत नाय."

"उजेड कमी हाय, मास्तर," शेखर म्हणाला.

मग ते माझ्याकडं वळले. "गोमा, तू सांग."

"तशीच हाय, मास्तर."

एवढंच बोललो. सगळं ठाऊक असून बोललो.

मास्तरांनी त्या दिवसापासून अन्न टाकलं. महिन्याभरात गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. त्यांची लेक पूजा हात जोडून विचारत होती, "बाबा, काय राहिलं तुमचं?" आमी दोघं तिथंच, माना खाली घालून.

त्याच रात्री चित्र परत ठेवायला निघालो. गेल्या वर्षीची एकोणतीस जानेवारी, बुधवार, पौषातली अमावास्या. मुरबाड सोडलं तेव्हा पावणेबारा. चित्र चादरीत गुंडाळून शेखरच्या मांडीवर. घरची माणसं चुलत्याकडं झोपायला गेलेली. मागचं दार नुसतं ओढलेलं असतं, हे शेखरला माहीत.

दार ढकललं. आत अंधार. बॅटरी दाबली... लागेना.

भिंतीकडं तोंड करून कुणीतरी बसलेलं. पुढ्यात ताट.

"आलात..."

आवाज मास्तरांचा.

"उजेड कमी हाय..."

शेखर मटकन खाली बसला. चित्र पुढं सरकवलं. "मास्तर... चुकलो."

नंतर त्या बसलेल्याची मान हळूहळू माझ्याकडं वळायला लागली. वाट बघत असल्यागत.

मी... पळालो.

सकाळी खाली खरं चित्र दिसलं तशी पूजानं भिंतीवरची नकल उतरवली. डोळ्यांत ठिपके नव्हते. खरवडलेले नाय, पुसलेले नाय. नव्हतेच.

आण रे ती बॅटरी इकडं. हा माझा अंगठा. नखावर बघा... पांढरा ठिपका. रॉकेलनं घासला. नख वाढतं, मी कापतो, हा तिथंच. दुसरा शेखरच्या अंगठ्यावर होता. तो आठ दिवसांनी पूजाकडं गेला, पायावर डोकं ठेवून आपलं पाप सांगितलं. त्याचा त्याच रात्री गेला.

माझं नाव त्यानं घेतलं नाय. पूजा अजून मला काका म्हणते, चहा देते. दर वेळी सांगायचं म्हणून जातो... आणि अंगठा मुठीत धरून परत येतो.